कालपुरुषाच्या अंगावरची भोकं

आमचे थोरले भाऊजी हेमराज ज्योतिषी नव्हते आणि वैद्यही नव्हते. ते सुरतेतल्या एका साड्या छापणाऱ्या मिलमध्ये ट्रेसर होते. हे आधीच सांगून टाकते, कारण कोसाडच्या वसाहतीतले निम्मे लोक अजूनही त्यांना 'गुरुजी' म्हणतात आणि ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी खानदेशातली सून आहे. थोरल्या दिरासमोर आम्ही डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्यांच्याशी थेट बोलत नाही, काही सांगायचं झालं तर भिंतीला नाहीतर जावेला सांगतो. चारचौघांत भाऊजी, सगळं काही रीतीनं. पण मनातल्या मनात मी त्या माणसाला कधी अहो-जाहो केलं नाही. इथं मनातलंच सांगायचं आहे, तेव्हा 'तो'च म्हणते.

ट्रेसर म्हणजे काय हे आता सुरतेतल्या पोरांनाही ठाऊक नसेल. साडीचं डिझाइन कागदावर आलं की त्यातला एकेक रंग वेगळा करून पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईनं उतरवायचा. लाल रंगाची एक फिल्म, हिरव्याची दुसरी, पिवळ्याची तिसरी. त्या फिल्मांवरून छपाईच्या जाळ्या बनायच्या. एखादा टिपका सुटला तर हजार मीटर माल बाद व्हायचा आणि शेठ आईबहिणीवरून सुरू व्हायचा. हेमराजनं हे काम अठ्ठावीस वर्षं केलं आणि एक टिपकाही कधी सोडला नाही. हात सोन्याचा, अक्कल मात्र त्या हातापाशीच संपलेली. समोर असेल ते उतरवायचं, ते तिथं का आहे म्हणून विचारायचं नाही. साध्या कागदावर मोर काढून द्या म्हटलं तर म्हणायचा, आधी मोर दाखवा.

मग मिलमध्ये कॉम्प्युटर आले. वीस-बावीस वर्षांची पोरं खुर्चीवर बसून त्याचं चार दिवसांचं काम चहा निवायच्या आत करायला लागली आणि शेठनं त्याला घरी बसवलं. निरोपाला मिठाईचा डबा दिला आणि रद्दीत निघालेलं एक पुस्तक. पुढं दोन वर्षं हा माणूस खाटेवर पडून छताचा पंखा मोजत होता. घर चालवलं ते माझ्या जावेनं, सुंदरानं. ती ओट्यावर बसून साड्यांना खडे आणि लेस लावायची. सकाळी गठ्ठा यायचा, संध्याकाळी जायचा. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून चाळणी झाली, पण तक्रार म्हणून काही तोंडातून निघालं नाही. मला तिचाही राग यायचा. नवऱ्याला असं देव्हाऱ्यात बसवून ठेवलं की त्याचा दगड होणार नाही तर काय होणार?

तर ते पुस्तक. शेठच्या मुलानं परदेशातल्या कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेलं. पाचशे वर्षांपूर्वीची युरोपातली चित्रं, लाकडात कोरून कागदावर छापलेली. साडीच्या काठाला सूर्य-चंद्राचे चेहरे हवे होते, ते घेतले आणि पुस्तक फेकलं. मी ते एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलंय. एका चित्रात आकाश कांद्यासारखं, एकात एक सालं, आणि मध्ये ठिपक्याएवढी पृथ्वी. एकात नागडा माणूस उभा, त्याच्या अंगात तलवारी, भाले, बाण, सोटे, जगातली सगळी हत्यारं घुसलेली, आणि हा बाबा बससाठी थांबल्यासारखा शांत. एकात वैद्य लघवीची बाटली उजेडात धरून भविष्य बघतोय. एकात मोठे पंडित उंच खुर्चीवर पोथी घेऊन बसलेत आणि खाली कुणीतरी न्हावी मुडदा फाडतोय. ते बघून मला हसू फुटलं. मी अमरोली रस्त्यावरच्या एका दवाखान्यात वीस वर्षं जखमा धुते, पट्ट्या बांधते. वर बसून बोलणारे आणि खाली हात भरवणारे मला चांगले ठाऊक आहेत.

चित्रं देखणी होती, नाही म्हणत नाही. ज्यांनी ती कोरली त्यांच्या हातांना दाद द्यावी तेवढी थोडी. आणि त्या लोकांना दुसरं काही माहीतच नव्हतं, तेव्हा त्यांना सगळं माफ. हेमराजला माफ नाही. त्याच्या घरापासून चार पावलांवर रक्तातली साखर तपासायचं यंत्र होतं.

पुस्तकातल्या एका चित्रानं त्याला खाटेवरून उठवलं. नागडाच माणूस, हातपाय पसरून उभा, आणि अंगावर बारा राशी. डोक्यावर मेंढा, मानेवर बैल, छातीवर खेकडा, असं करत करत पायाखाली दोन मासे. शेजारच्या मजकुराचा अर्थ त्यानं मिलमधल्या एका डिझायनर पोराकडून काढून घेतला. ज्या राशीत चंद्र असेल त्या राशीच्या अवयवाला लोखंड लावायचं नाही, चिरायचं नाही, रक्त काढायचं नाही. पंचांगातला कालपुरुष असाच असतो, डोक्यावर मेष आणि पायावर मीन. झालं! इकडचं तिकडं जुळलं आणि आमच्या ट्रेसरला ब्रह्मज्ञान झालं. गोऱ्यांनी आपल्या ऋषींचं चोरलं, पण चोरून का होईना जपलं, असं तो येईल त्याला सांगायला लागला.

त्यानं ते चित्र फिल्मवर उतरवलं, जाळी बनवून घेतली आणि पॉलिस्टरच्या तुकड्यांवर लाल रंगात छापलं. चार हात लांबीचा एक पट त्यानं खोलीत दारासमोर टांगला. तो मी पहिल्यांदा बघितला आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून बाहेर पळाले.

का ते सांगते. माझं माहेर एरंडोलचं. माझे वडील लाकडी ठशांनी जाजमं आणि रजयांच्या खोळी छापायचे. सागाचा ठसा जुना झाला की त्यात कीड शिरते. किडीचं भोक पडलं की तिथं रंग लागत नाही आणि कापडावर बारीक गोल पांढरा टिपका राहतो. वडील असल्या भोकात लाख भरून घ्यायचे. हेमराजच्या पटावर त्या माणसाच्या अंगावर असले एकोणीस टिपके होते. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या ठशाला कीड लागली होती, तसाच तो छापला गेला होता, आणि आमच्या ट्रेसरनं किडीचं एकेक भोक जिवापाड जपून उतरवलं होतं. एवढ्यावर राहतं तरी ठीक. पण त्याला वाटलं, चित्रात आहे म्हणजे अर्थ आहे. त्यानं त्या भोकांना मर्मबिंदू ठरवलं. कुणाचं डोकं दुखलं की मेंढ्याशेजारच्या भोकाची जागा डोक्यावर शोधून पितळेच्या कांडीनं दाबायची. कंबर दुखली की तराजूखालचं भोक. किडीनं जिथं लाकूड खाल्लं तिथं लोकांना तेल लावून हा माणूस गुरुजी झाला!

आणि लोक येत होते. लूमवरचे कारागीर, बांधकामावरच्या बाया, पर्वत पाटियाहून गाडीतून येणारे कापडाचे व्यापारीसुद्धा. शिकलेल्यांची तर वेगळीच तऱ्हा. परदेशी पुस्तकातलं आहे म्हटलं की ते हात जोडायच्या आधी चपला काढायचे.

मी माझ्या नवऱ्याला, महेशला, भोकांचं सांगितलं. तो म्हणाला, दादा खाटेवरून उठला, चार माणसांत बसतो, तुझं काय जातंय. मी गप्प बसले. सहा वर्षं गप्प बसले. भल्यासाठी बसले असं म्हणणार नाही. मला मजा यायची. सणावाराला तो पटासमोर बसून बोलत असला की मी पदराआडून एकेक भोक मोजायची आणि मनात म्हणायची, बोल, अजून बोल.

गेल्या माघात सुंदराच्या पायाच्या अंगठ्यात खडे लावायची सुई मोडून राहिली. तिला साखर होती, पायाला संवेदना नव्हती, तिला कळलंच नाही. मी सोमवारी त्यांच्याकडे गेले तेव्हा घरात वास येत होता. अंगठा काळा पडलेला. मी तिला तशीच रिक्षात घालून आमच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मोठ्या दवाखान्यात आज न्या, फार तर उद्या. अंगठा काढावा लागेल. वेळ घालवला तर वर चढेल आणि मग अंगठ्यावर भागणार नाही.

घरी आलो. हेमराजनं पंचांग उघडलं. चंद्र मीनेत, बुधवारी रात्रीपर्यंत. पायाला लोखंड लावता येणार नाही, गुरुवारी सकाळी नेऊ, असं तो भिंतीकडे बघून म्हणाला. सुंदरा मान खाली घालून बसली. मी महेशला म्हटलं, तुमच्या भावाला सांगा. महेशनं सांगितलंही, पण दादासमोर त्याचा आवाज घशातच राहतो. एक सांगते, हेमराज रात्रभर तिच्या उशाशी बसून होता हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी माझ्यावर काही परिणाम झाला नसता.

मंगळवारी सकाळी अकराला मी गेले. सूज घोट्यावर आलेली, अंगात ताप. बाहेरच्या खोलीत गुरुजींची माणसं येऊन बसायला लागली होती. सुंदरा मला आत घेऊन हळूच म्हणाली, आज चार वाजता जाऊ, तू रिक्षा सांगून ठेव. मी विचारलं, चारलाच का, आत्ता का नाही? ती म्हणाली, चारला म्हटलं ना, तेवढं ऐक. डोळे तिनं माझ्याकडे केले नाहीत. मला वाटलं, झाली यांची टाळाटाळ सुरू. काल गुरुवार होता, आज चार आहे, चारला दिवेलागण होईल. या घरातल्या वेळा मी सहा वर्षं बघत आले होते.

मी तडक घरी आले. वडिलांचा एक ठसा मी आठवण म्हणून ठेवला होता, वेलबुट्टीचा, किडीनं पोखरलेला. तो घेतला, कागद घेतला, वाटीत कुंकू कालवलं आणि बाराच्या सुमारास परत गेले. खोलीत आठ-दहा माणसं. हेमराज एका व्यापाऱ्याच्या गुडघ्यावर कांडी फिरवत होता. मी पटासमोर जाऊन उभी राहिले आणि डोक्यावरचा पदर खाली पडू दिला. मुद्दाम पडू दिला.

मी कुंकवात ठसा बुडवला आणि सगळ्यांसमोर कागदावर उमटवला. वेलीत पांढरे टिपके उठले. मग म्हणाले, "बघून घ्या. हा माझ्या बापाचा ठसा. ही किडीची भोकं. आणि तुमच्या गुरुजींच्या पटावर आहेत तीही किडीचीच भोकं. सहा वर्षं तुम्ही किडीच्या भोकांना तेल लावून घेताय, आणि यांची बायको आत सडतेय."

कुणीतरी आधी हसलं, मग सगळेच हसले. एक जण कागद घेऊन पटाजवळ गेला, टिपक्याशेजारी टिपका धरून बघितला आणि गुजरातीत म्हणाला, वात तो साची छे, म्हणजे गोष्ट खरी आहे. एकानं मोबाइल काढून शूटिंग केलं. व्यापारी धोतर सावरत उठला. मला काय वाटत होतं ते लपवत नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

हेमराजनं तो कागद हातात घेतला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, एकेका टिपक्यावर बोट ठेवलं. अठ्ठावीस वर्षं टिपके बघितलेला माणूस, त्याला पटायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन मला बावीस वर्षं झाली होती, आणि तो माझ्याशी थेट पहिल्यांदाच बोलला.

"जयश्री, तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलंत?"

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेला. मोबाइल घरीच राहिला.

मी रिक्षा बोलावली. सुंदरा उंबऱ्यात बसलेली. मी तिला धरून उठवायला गेले तर तिनं माझा हात झटकला. म्हणाली, आधी त्यांना शोधा. मी म्हटलं, येतील, जातात कुठं. ती म्हणाली, खाटेवर पडले होते तेव्हा दोनदा तापीच्या पुलावर जाऊन परत आलेत, तुला माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. महेश पुलावर गेला, पोलिसांत गेला, नातेवाइकांकडे फोन झाले. संध्याकाळपर्यंत ते मोबाइलवरचं शूटिंग सगळ्या वसाहतीत फिरलं. सुंदरा उंबऱ्यातून हलली नाही. ते गेले असतील तर मला पाय घेऊन काय करायचंय, असं म्हणाली. मी ओरडले, हातापाया पडले, शेजारच्या बाया बोलावून तिला उचलायचा प्रयत्न केला. पाच फुटांची, तापानं फणफणलेली बाई, तिनं चौकट असली धरली की चार जणींना सोडवता आली नाही. बुधवारी ती बरळायला लागली तेव्हा उचलून मोठ्या दवाखान्यात नेली, पण शुद्धीवर आल्यावर तिथंही अंगठा कापू द्यायला तयार होईना. त्यांना आणा, मग सही करते.

हेमराज गुरुवारी दुपारी सापडला. चलथाणला, साखर कारखान्याजवळ, ऊसतोडीवर आलेल्या आमच्या गावाकडच्या एकाच्या खोपीत. जीव द्यायला निघालेला माणूस तिथं बसून पिठलं-भाकरी खात होता! महेशनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून शिवी गेली. मग त्यानंच सांगितलं, दोन दिवसांतला तो पहिला घास होता आणि तोही खोपीतल्या म्हातारीनं भरवला होता.

त्याला दवाखान्यात आणल्यावर सुंदरानं सही केली. पण तोवर अंगठ्याची वेळ टळून गेली होती. पाय गुडघ्याखाली कापला.

ती घरी आली तेव्हा ड्रेसिंग कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता. घरात ते काम येणारी मी एकटी. पहिल्या दिवशी मी पट्टी सोडत होते. हेमराज बाहेर ओट्यावर तिच्या कामाच्या साड्यांना खडे लावत बसला होता, अजून बसतो. पट त्यानंच उतरवून टाकला होता. सुंदरानं उशीखालून पंचांग काढून माझ्यासमोर टाकलं. म्हणाली, माघातलं पान बघ, मंगळवार.

मंगळवारच्या ओळीत 'मीन' छापलेलं होतं. पुढे छापलेलं होतं, 'दुपारी ४ नंतर मेष'. मी म्हटलं, असं कसं? मग पान उजेडात धरलं. शाईचा काळेपणा किंचित वेगळा. अक्षरांचं वळण, जाडी, आकड्याची शेपटी, सगळं छाप्यातल्यासारखं हुबेहूब, पण हातानं काढलेलं. रात्रभर तिच्या उशाशी बसून त्यानं ते काढलं होतं. स्वतःच्या पंचांगात स्वतःच लबाडी केली होती, म्हणजे मंगळवारी दुपारी आलेल्या माणसांना ओळ दाखवून म्हणता आलं असतं, चंद्र पुढं सरकला, चला दवाखान्यात. सकाळी त्यानं ती ओळ सुंदराला दाखवली होती, आणि ती मला सांगू शकली नव्हती. मला सांगितली असती तर मी हसले असते.

सुंदरा आमच्या घरच्या बोलीत एवढंच म्हणाली, "चार घंटा दम धराता उना नही का तुले?"

चार तास. मी पंचांग मिटलं आणि पट्टी पुन्हा हातात घेतली. तो माणूस मला आजही मूर्खच वाटतो. किडीची भोकं ती किडीचीच, त्यात माझं एक अक्षर खोटं नव्हतं. तिला न्यायचं सोडून मी ठसा आणायला गेले होते, कारण मला तिचा पाय वाचवायचा होता त्याहून जास्त त्याला उघडं पाडायचं होतं, आणि हे मला कुंकू कालवतानाही ठाऊक होतं.

एकाआड एक दिवस मी ड्रेसिंगला जाते. सुंदरा पाय पुढे करते, जेवढा राहिलाय तेवढा. माझ्याशी बोलत नाही. काम झालं की मी हात धुते आणि डोक्यावर पदर घेऊन, हेमराजच्या अंगावरून, ओटा उतरते.